पत्त्यांची वही आणि हलव्याची पुडी

आमच्या दुकानात कीर्द आणि खतावणी या हिशेबाच्या दोन वह्यांच्या शेजारी तिसरी एक वही असे. लाल कापडी बांधणीची, लांबट, आणि पुठ्ठ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अक्षरात 'पत्ते' एवढाच शब्द. लक्ष्मीपूजनाला त्या दोघींबरोबर हिलाही हळदकुंकू वाहिले जाई. जिच्यात रुपयाचा एक आकडा नाही अशा वहीची पूजा कशासाठी, असे मी लहानपणी अण्णांना विचारले होते. 'पैसे हिच्यातून येतात, त्या दोघींत नुसते लिहिले जातात,' असे ते म्हणाले होते, पण बाहेर फटाके वाजत असल्यामुळे मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

दुकान सांगलीचे, माल म्हणजे यंत्रांचे सुटे भाग: बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील आणि प्लमर ब्लॉक. गिऱ्हाईक आसपासच्या साखर कारखान्यांचे, इचलकरंजीकडच्या सूतगिरण्यांचे, कृष्णाकाठच्या उपसा सिंचन संस्थांचे आणि लहानमोठ्या वर्कशॉपवाल्यांचे. या धंद्याची एक गंमत अशी आहे की सगळ्यांकडे तोच माल, त्याच कंपन्यांचा आणि जवळजवळ त्याच दराने मिळतो. २२२२० क्रमांकाचे बेअरिंग सांगलीत घ्या की कोल्हापुरात, त्याचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, १०० मिलिमीटरचाच असणार. त्यामुळे एखाद्याने नेमकी आपलीच पायरी का चढावी, याचे उत्तर मालात सापडत नाही. ते रात्री अकरा वाजता दुकान उघडून माल देण्यात, सांभाळून घेतलेल्या उधारीत आणि ओळखीत असते. ही ओळख वर्षातून एकदा, काही विकायचे नसताना ताजी करावी, यासाठी ती तिसरी वही होती, आणि त्यासाठीच दर वर्षी शुभेच्छापत्रे पाठवली जात.

शुभेच्छापत्रे म्हटले की व्यापारी माणसाच्या डोळ्यांपुढे दिवाळी येते. अण्णा मात्र संक्रांतीला पाठवत, आणि त्यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बॉयलरचे अग्निप्रदीपन झालेले असते, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायची असते किंवा नुकतीच पडलेली असते, आणि कारखान्याच्या भांडारातला माणूस दिवसरात्र याच धावपळीत असतो. अशा वेळी पर्चेस ऑफिसरच्या टेबलावर शंभर पुरवठादारांची शंभर चकचकीत कार्डे येऊन पडतात. ती तो उघडतो तरी का, याची शंका आहे. संक्रांतीपर्यंत हंगाम मार्गी लागलेला असतो, टेबल रिकामे असते, आणि तेव्हा पोहोचलेले कार्ड एकटेच पोहोचते. शिवाय दिवाळीचे कार्ड भाऊबीजेनंतर मिळाले तर ते शिळ्या फराळासारखे वाटते. तिळगूळ मात्र रथसप्तमीपर्यंत देता येतो. टपालाने आठवडा लावला तरी पाठवणाऱ्याची अब्रू शाबूत राहते. सणाच्या परंपरेने व्यापाऱ्याला दिलेली ही सवलत इतर कुणी कधी वापरल्याचे मी पाहिले नाही.

आणि कार्डाबरोबर हलवा जाई. आई आणि काकू पौषातल्या थंडीत शेगडीवर परात ठेवून पाकाचा एकेक चमचा सोडत तिळावर काटा आणीत, आणि ते काम तीन-चार दिवस पुरे. मग दुकानाचे काम सुरू होई. प्लॅस्टिकच्या पट्टीत हलव्याचे पाच दाणे टाकायचे, पट्टीची कड हॅकसॉ ब्लेडच्या धारेवर दुमडायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन न्यायची, की पुडी बंद. हात सावकाश गेला तर प्लॅस्टिक जळे, घाईने गेला तर फट राही आणि पाकिटाला मुंग्या लागत. अशा ३१० पुड्या. ती कार्डाच्या आतल्या कोपऱ्यात टाचली की पाकीट फुगत असे, आणि पोस्टातला शिक्का नेमका त्या फुगवट्यावर बसला तर पाच दाण्यांचे पीठ होई. म्हणून अण्णा दहा जानेवारीच्या सुमारास पाकिटांची पिशवी घेऊन स्वतः पोस्टात जात आणि शिक्के मारणाऱ्या माणसाला आधी त्याच्या वाट्याचा तिळगूळ देत. त्याचेही नाव वहीत होते.

वहीतली नावे हा खरा पाहण्यासारखा भाग होता. धंद्यातली शुभेच्छापत्रे सहसा वरच्या दिशेने जातात: पुरवठादाराकडून गिऱ्हाइकाकडे, हाताखालच्याकडून साहेबाकडे, आणि संस्थेत ज्याची सही चालते त्याच्याकडे. अण्णांच्या वहीत कार्यकारी संचालक क्वचितच सापडत. स्टोअरकीपर होते, गेटवरचे टाइमकीपर होते, आणि कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवरचे ऑपरेटर तर झाडून सगळे होते. ट्रंक कॉलच्या काळात चार तास ताटकळून लागलेला फोन योग्य टेबलावर जोडणारा हा माणूस संचालकांपेक्षा मोठा आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आमच्याच बाजारातले दोन प्रतिस्पर्धी दुकानदारही वहीत होते. आणि दुकानात काम करणारे सहाजण होते, ज्यांना ही कार्डे टपालाने त्यांच्या घरी जात. पाच फुटांवर बसलेल्या माणसाला पाकिटावर तिकीट लावून कार्ड पाठवण्यात काय अर्थ आहे, हे मला कळत नसे. पुढे आमच्या हमालाच्या मुलीच्या लग्नाला गेलो तेव्हा त्याच्या घरात आरशाच्या चौकटीत एकामागे एक खोचलेली आमची नऊ वर्षांची कार्डे पाहिली. त्या घरी वर्षभरात त्याच्या नावाने येणारे टपाल बहुधा तेवढेच असावे.

प्रत्येक पत्त्यापुढे उजवीकडे बोटभर जागा सोडलेली असे आणि तिथे बारीक अक्षरात नोंदी असत: 'नातू झाला', 'मोतीबिंदू काढला', 'मुलगा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला लागला', 'रागीट, पण मनात ठेवत नाही', 'नेहमी ६३०५ बेअरिंग'. कार्ड लिहायला बसले की आधी ही नोंद वाचायची आणि मग कार्डावरच्या मोकळ्या जागेत एक ओळ हाताने लिहायची, असा शिरस्ता होता. मोकळी जागा मुद्दाम ठेवून घेतलेली असे. गणपती पेठेत ट्रेडलवर छापून देणाऱ्या मुद्रकाला दर वर्षी ही तीन बोटांची जागा डोळ्यांत खुपे. तिथे पतंगाचा ब्लॉक बसवतो, निदान 'सर्व प्रकारची बेअरिंगे योग्य दरात मिळतील' ही ओळ तरी टाकतो, असे तो म्हणे. अण्णा प्रूफावर त्या जागेभोवती लाल चौकट आखून 'कोरे' असे लिहून परत पाठवत.

या रिकाम्या जागेची वंशावळ मला फार उशिरा कळली. छापील शुभेच्छापत्राचा उगमच मुळी कामाच्या रगाड्यातला आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्याइतका वेळ नव्हता. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या, एका पेनीत पत्र पोहोचवणाऱ्या टपालामुळे, ज्याच्या उभारणीत त्याचाच हात होता, पत्रे वाढलेली होती. तेव्हा त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या १००० प्रती छापल्या आणि आपल्याला पुरून उरलेली कार्डे एकेक शिलिंगला विकायला काढली. चित्रातल्या जेवणाच्या टेबलावर एका लहान मुलीच्या ओठांना मद्याचा पेला लावलेला असल्यामुळे दारूबंदीवाले चिडले होते, ही गोष्ट वेगळी. मला महत्त्वाचे वाटले ते असे की, वेळ वाचवण्यासाठीच काढलेल्या त्या कार्डावरही वर 'कुणास' आणि खाली 'कुणाकडून' यासाठी दोन जागा कोऱ्या होत्या. चित्र आणि मजकूर छापून घेणाऱ्या त्या घाईतल्या माणसालाही ही दोन नावे छापखान्यावर सोपवता आली नाहीत.

आता माझ्या हातून झालेल्या गोष्टीकडे येतो. १९८८ साली मी बी. कॉम. होऊन दुकानात बसू लागलो होतो आणि दुकानाचे सगळेच मला गबाळे वाटत होते. जानेवारीत एकीकडे कार्डांची पाकिटे भरली जात होती आणि दुसरीकडे मार्चअखेर जवळ येत असल्यामुळे थकबाकीची स्टेटमेंटे टाइप होत होती. एकाच पत्त्यावर आठ दिवसांत दोन पाकिटे जाणार हे पाहून मी टपालखर्च वाचवला: ज्यांच्याकडे येणे होते अशा सुमारे चाळीस जणांच्या कार्डातच स्टेटमेंट घडी घालून ठेवले. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि त्याखाली थकलेल्या बिलांची यादी, तारखांसह. अण्णा तेव्हा तापाने अंथरुणावर होते, त्यामुळे मी त्यांना विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर विचारावे असे मला वाटलेही नाही.

चौथ्या दिवशी एका कारखान्याच्या स्टोअरकीपरचा फोन आला. 'अरे, कार्ड आणि हिशेब एका पाकिटात? अण्णांना विचारून केलंस का?' एवढेच विचारून, माझ्या उत्तरासाठी न थांबता, त्यांनी फोन ठेवला. त्याच कारखान्याच्या पर्चेस ऑफिसरांनी पुढच्या आठवड्यात पूर्ण रकमेचा चेक पाठवला, अगदी पैशांपर्यंत बरोबर, आणि चेकला आमचीच हलव्याची पुडी टाचलेली होती. दाणे पाचच्या पाच, अखंड. त्यानंतर त्या हंगामात त्यांच्याकडून एकही ऑर्डर आली नाही.

चाळीसपैकी बहुतेकांनी काहीच म्हटले नाही, आणि काहींचे पैसे नेहमीपेक्षा लवकर आले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यामुळे काही दिवस माझे मत बदलले नाही. अण्णा बरे झाले, त्यांनी तो चेक आणि ती पुडी पाहिली, आणि मला एक शब्द न बोलता दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कारखान्यावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी ऑर्डरचे विचारले. 'त्यांनी चहा पाजला,' अण्णा म्हणाले. मग हातपाय धुऊन त्यांनी ती लाल वही काढली, त्या पर्चेस ऑफिसरांच्या नावापुढे काहीतरी लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. तिथे लिहिले होते: 'मधुमेह. हलवा नको.' पुडी त्यांनी रागाने परत केली नव्हती. राग स्टेटमेंटचा होता, आणि तो चेकबरोबर संपला होता. ऑर्डरी पुढच्या हंगामात सुरू झाल्या. तोवर गेलेला धंदा खतावणीत दिसत होता आणि अण्णांनी मला तो कधी मोजून दाखवला नाही.

मला तेव्हापासून असे वाटते की मागणे आणि देणे एका पाकिटात मावत नाही. ज्या कार्डात दरपत्रक असते, नव्या एजन्सीची जाहिरात असते, 'आपल्या सेवेची संधी द्यावी' असा आर्जव असतो, ते कितीही जाड कागदावर छापलेले असले तरी हँडबिलच असते, आणि घेणाऱ्याला ते हाताला लागताच समजते.

कार्डे पाठवण्यात सगळ्यांत कंटाळवाणे काम पत्त्यांचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाले, तेव्हा अण्णांनी पुढच्या संक्रांतीपूर्वी सगळी वही पुन्हा काढून प्रत्येक पत्त्याखाली लाल शाईने सहा आकडे लिहिले होते. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी आणि वर संस्कृतचे कवी व नाटककार, याचा त्यांना कोण अभिमान होता. संस्कृत येणाऱ्या माणसानेच देशाला असा व्याकरणशुद्ध क्रम लावावा, असे ते म्हणत. पहिला आकडा चार म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गोवा हा पट्टा, आणि आमच्या सांगलीचा ४१६४१६, जो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. पत्ता लिहिताना हात त्या गावापर्यंत जाऊन येतो, असे काहीसे मला तेव्हा वाटे. आता त्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. वर्षातून एकदा नाव पूर्ण लिहावे लागले की ते बदलले आहे का, हे विचारावे लागते. 'कु.'ची 'सौ.' झाली का, बदली झाली का, निवृत्त झाले का, आणि ज्याची भीती असे ते, 'श्री.'चे 'कै.' झाले का. ही चौकशी डिसेंबरभर चाले, फोनवर आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे. कार्ड पोहोचण्याआधीच अर्ध्या लोकांना आपली आठवण काढली गेल्याचे कळलेले असे.

ती चौकशी टळली की काय होते, तेही पाहिले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मोठमोठ्या कंपन्यांची कार्डे येऊ लागली: तीनशे जीएसएमचे जाड आर्ट कार्ड, सोनेरी फॉइल, आत छापलेली सही. त्यातली मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'क्राय' या संस्थेची कार्डे मला मनापासून आवडत. विमानात पर्सर असलेल्या रिप्पन कपूर यांनी १९७९ साली मुंबईत सहा मित्रांबरोबर ५० रुपयांवर ही संस्था उभी केली होती, आणि तिची कार्डे घेऊन कंपन्यांचा खर्च निदान एखाद्या मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचत होता. बाकीचा पसारा मात्र संगणकावरच्या यादीचा होता. एका मोठ्या कंपनीकडून आम्हांला एकाच दिवशी चार कार्डे आली: एक फर्मच्या नावे, एक अण्णांच्या, एक माझ्या आणि एक आमच्या आडनावाचे स्पेलिंग चुकलेल्या कुणा चौथ्याच गृहस्थाच्या. अण्णा गेल्यानंतर सहा वर्षे त्यांच्या नावाने तिकडून दीर्घायुष्याच्या शुभेच्छा येत राहिल्या. मी दोनदा कळवले. तिसऱ्यांदा कळवले नाही, कारण त्या निमित्ताने त्यांचे नाव टाइप केलेले पाहायला मिळत होते.

मग ही लाट जशी आली तशी ओसरली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने मंत्रालये, सरकारी उपक्रम आणि बँका यांनी भिंतीवरची कॅलेंडरे, डायऱ्या आणि सणांची शुभेच्छापत्रे छापू नयेत असा आदेश काढला, त्यामुळे बँकेचे नेमाने येणारे कार्डही थांबले. त्याबद्दल हळहळ वाटावी असे त्या कार्डात काही नव्हते.

आज संक्रांतीच्या सकाळी माझ्या फोनवर दोनशे-अडीचशे चित्रे येतात. पतंग, तिळाचे लाडू, हळदीकुंकवाचा करंडा आणि उजव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा लोगो. यंदा तेच चित्र चार निरनिराळ्या डीलरांकडून आले आणि चौघांचेही लोगो त्याच कोपऱ्यात होते, जणू एकाच भिंतीवर चौघांनी पाट्या टांगल्या होत्या. आमच्याकडूनही असे चित्र जाते, हे कबूल केले पाहिजे. मुलाने ६४० नंबरांची यादी केली आहे आणि एका बोटाने तो ती संपवतो. त्या दिवशी त्याला दोन ऑर्डरी आल्या, एक व्ही-बेल्टची आणि एक ऑइल सीलची. 'बाबा, तुमच्या कार्डांनी किती आल्या?' असे त्याने विचारले, आणि ते कुत्सितपणे विचारले नव्हते. त्याला खरेच आकडा हवा होता. तो माझ्याकडे नव्हता. त्या ६४० जणांपैकी कुणाला मोतीबिंदू झाला आहे, असे मीही त्याला विचारू शकलो असतो, पण माझ्या यादीतल्यांना झाला असेल तर तो माझ्या यादीतल्यांचे वयच तसे आहे म्हणून, हे त्याने लगेच दाखवून दिले असते.

यंदा माझी कार्डे ४१ होती. काकू गेल्या, आईच्याने परातीपुढे बसवत नाही, त्यामुळे हलवा आता विकतचा असतो आणि त्याचा काटा बोथट असतो. पुड्या मात्र मी अजून हॅकसॉ ब्लेडवरच बंद करतो. नऊ जानेवारीच्या रात्री दुकान बंद करून लिहायला बसलो. शेवटून तिसरे नाव त्या पर्चेस ऑफिसरांचे. निवृत्त होऊन गावी गेल्यालाही आता खूप वर्षे झाली. ते आता ऐंशीच्या पुढे असतील. पूर्वी त्यांचे उत्तर येई, पोस्टकार्डावर, चार ओळींचे. तीन वर्षे आलेले नाही. डिसेंबरात फोन लावला तर तो नंबर आता अस्तित्वात नसल्याचे बाईचा आवाज तीन भाषांत सांगत होता. कारखान्यात चौकशी केली, तर पर्चेसमधल्या नव्या मुलाने त्यांचे नावच ऐकलेले नव्हते.

पेन हातात धरून मी पाकिटाकडे बराच वेळ पाहत बसलो. मग 'श्री.' लिहिले, पुढे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि सहा आकडे. आत काय लिहावे यासाठी वही उघडली, तेव्हा अण्णांच्या अक्षरातली ती जुनी नोंद समोर आली. कार्डाला टाचलेली पुडी मी काढून घेतली, टाचणीची भोके अंगठ्याने दाबून सपाट केली आणि पाकीट चिकटवले.